पोळ्याच्या रांगेतला विजेचा ट्रॅक्टर

पोळ्याच्या दिवशी दुपारी आमचा ट्रॅक्टर पाटलांच्या मानाच्या बैलाआधी तोरणाखालून गेला. तो मी चालवत होतो. चालवत होतो हा शब्द सैल आहे. मी त्याच्यावर बसलेलो होतो.

बाजार खुला झाल्याच्या बातम्यांची ती वर्षं. बीडच्या एका दैनिकात मी त्यांना मथळे द्यायचो आणि मांजरसुंब्याजवळच्या गावी येऊन अण्णांना, म्हणजे वडिलांना, तेच तोंडी ऐकवायचो. यंत्रयुग आलं, बैल विका. अण्णांनी विकले. भावकीतल्या भगवानतात्यांनी घेतले. मग मी सरकी काढणाऱ्या एका बंद जिनिंग मिलच्या बंगल्यातून जुना, परदेशी, बॅटरीवर चालणारा छोटा ट्रॅक्टर आणला. तो बागेतली हिरवळ कापायला बनवलेला होता. (आमच्याकडे हिरवळ नव्हती. कापूस होता.)

ट्रकच्या बॅटऱ्या बसवल्या. मोटर उघडली तर आत उंदरांचा संसार. मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे झिजलेले, ट्रकच्या स्टार्टरचे घासून बसवले. तरी चावी फिरवली की टक् वाजायचं आणि पुढे काही नाही. दोष रिलेत निघाला, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या डबीत. तिची टोकं काळी पडली होती. नवी मिळेनात, म्हणून जुनीच पॉलिश पेपरने घासली. भारनियमनातून उरलेल्या विजेवर बॅटऱ्या भरल्या. ट्रॅक्टर गोठ्याभोवती एक फेरी फिरला, अजिबात आवाज न करता.

"भुतावानी चालतंय की," आई म्हणाली.

अण्णांची काळजी वेगळी होती. पोळ्याला पाटलांच्या मागे दुसरा मान आमचा. "दावणीला जनावर न्हाई तर मान भगवानाकडं जाईल. आन् तोबी आपल्याच बैलांवर."

"अण्णा, हाच रांगेत उभा करू."

आदल्या संध्याकाळी खांदमळणी. जू ओढून दुखलेल्या बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात. अण्णा वाटी घेऊन ट्रॅक्टरपुढे उभे राहिले.

"ह्याचा खांदा कंचा?"

मी अचूक माहिती दिली. "सगळा भार त्या डबीवर येतो."

अण्णांनी डबी उघडून आत बोटांनी तूप-हळद चोळली. सकाळी बादलीने आंघोळ घातली. मी बघत होतो. (छायाचित्रासह बातमी होईल, असं वाटत होतं.)

वेशीत पाटलांचा बैल पुढे, त्यामागे आम्ही, आमच्यामागे आमचीच जोडी घेऊन तात्या. अण्णांनी ट्रॅक्टरच्या पुढच्या दांडीला कासरा बांधून हातात धरला. वाजंत्री वाजली. मी चावी फिरवली, ट्रॅक्टर निघाला आणि डबीतली तूप-हळद जळून टोकं एकमेकांना चिकटली. चावी बंद केली. ट्रॅक्टरने दखल घेतली नाही. मोटर ब्रेकला जुमानेना.

"थांबव की बे," पाटील ओरडले.

कासरा अण्णांच्या हातात होता, पण आता ट्रॅक्टरच अण्णांना नेत होता. पाटलांचा बैल समजूतदारपणे बाजूला झाला. तोरण माझ्या गळ्यात आलं. आम्ही मारुतीसमोरच्या गटारात गेलो, तिथे बॅटरीची तार निसटली आणि ट्रॅक्टर थांबला.

"का वो अण्णा," पाटील म्हणाले, "मान विजेला द्यायचं कधी ठरलं?"

पोळ्याला बैल जुंपत नाहीत, पण ट्रॅक्टर वर काढायला तेच लागणार होते. तात्यांनी जोडी पुढे केली. "लई जड न्हाई. घरपोच करतो."

बैलांनी ट्रॅक्टर आमच्या गोठ्यापर्यंत ओढत आणला. साखळी सोडताच ते जाऊन आपापल्या जुन्या जागी, दावणीला उभे राहिले. ट्रॅक्टरपुढे ठेवायचं पुरणपोळीचं ताट आईने त्यांच्यापुढे ठेवलं. दोघांनी ते संपवलं.

"चलतो अण्णा," तात्या दारातून म्हणाले. "माजे बैल सोडा."

"बांदलेत कुठं?" अण्णा म्हणाले.

तात्यांनी ओढून पाहिलं. बैल हलेनात. शेवटी अण्णांनीच कासरा धरला आणि त्यांना तात्यांच्या गोठ्यात नेऊन बांधलं. पुढच्या पोळ्यापासून दुसरा मान तिकडे गेला.

त्या संध्याकाळी अण्णा रिकामा कासरा घेऊन परत आले आणि त्यांनी ट्रॅक्टर दावणीला बांधला, सुटणार नाही अशी गाठ मारून.