पायरीजवळचा शिक्का

अदेलिनो कोर्देइरोला माणसं मुळातच फारशी आवडत नसत, आणि त्यात मेहुणा उर्बानो सगळ्यात कमी. तरी धंदा काढला तो त्याच्याशीच. बायकोने, झुल्मिराने, अख्खा हिवाळा त्याचं डोकं खाल्लं: "घरचा माणूस असताना परका कशाला?" परका निदान संध्याकाळी आपल्या घरी जातो, हे तिला सांगायची सोय नव्हती.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हरमध्ये काँक्रीटचं काम करणाऱ्या प्रत्येक धंदेवाल्याचा पितळी शिक्का असतो. फुटपाथ ओला असतानाच कोपऱ्यात दाबला, की नाव कायमचं उमटलं. अदेलिनो पोर्तुगालच्या अझोर बेटांवरून विशीत इथे आला आणि तेव्हापासून दुसऱ्याच्या नावाचा शिक्का दाबत राहिला. अर्धं गाव त्याने घोटलेल्या काँक्रीटवरून चर्चला जायचं आणि नाव वाचायचं मालकाचं. चांगल्या कामावर एकदा आपलं नाव असावं, एवढंच त्याला हवं होतं. बाकी आयुष्याकडे त्याने काही मागितलं नव्हतं.

उर्बानो तोवर जुन्या गाड्या विकायचा. ट्रक त्याचा, तोंड त्याचं, इंग्रजी त्याची. थापी कशी धरतात हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. शिक्का घडवून आणला तोही त्यानेच: 'कोर्देइरो आणि रेझेन्देस'.

"तुमचं नाव आधी घातलंय, दाजी," तो म्हणाला. "थोरले तुम्ही."

अदेलिनोने शिक्का हत्यारांच्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. काम नसलं तरी तो रोज बाहेर काढून पुसायचा. एवढा कडू माणूस, पण त्या पितळेपुरता मऊ व्हायचा.

पहिलं काम सासूबाईंचं निघालं. पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट ईस्टरनंतर दर आठवड्याला एकेका घरी मुक्कामाला जातो, आणि पुढच्या वसंतातल्या चिठ्ठीत इदालिनाबाईंचं नाव आलं होतं. आठवडाभर रोज संध्याकाळी सगळी वस्ती त्यांच्या दारात येणार. फाटकापासून पायरीपर्यंतची जुनी वाट उखडलेली. "दोन-दोन कामकरी घरात असताना मी लोकांना ठेचकाळत आत घेऊ?" असं म्हणून बाईंनी दोघांना शरद ऋतूत कामाला जुंपलं.

काँक्रीट पायरीपासून ओतत फाटकाकडे आणलं. पायरीजवळचा तुकडा आधी घट्ट झाला. अदेलिनोने तो घोटला, कडा काढल्या, पाय घसरू नये म्हणून वर झाडू फिरवला आणि श्वास रोखून शिक्का दाबला. अक्षर न् अक्षर खणखणीत उठलं. पुढचा भाग अजून ओला होता. वर आलेलं पाणी आपोआप उडून जाईपर्यंत त्याला हात लावायचा नसतो, आणि तेवढा वेळ तिथून हलायचंही नसतं. नेमक्या त्याच वेळी इदालिनाबाईंनी खिडकीतून हाक मारली.

"जावईबापू, सूप निवतंय."

"नंतर येतो."

"नंतर म्हणजे? माझ्या हातचं गोड लागत नाही का आता?"

आमच्यात दारात राबणाऱ्याला घरची बाई बसवून जेवायला घालते. तिला नाही म्हणणं म्हणजे तिच्या तोंडावर थुंकणं. अदेलिनोने उर्बानोला बजावलं, "कशाला हात लावू नकोस. नुसता उभा राहा. तेवढं जमतं तुला." आणि आत गेला. पाव मोडून मोडून सूप संपवलं. दुसरी वाटी नको म्हणाला तर बाईंनी ती भरलीच. बाहेर आला तेव्हा वाट अजून ओलसर होती. वारा पडला असेल म्हणून त्याने मनाची समजूत घातली आणि थापी उचलली. त्याने तेव्हा एक प्रश्न विचारला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

हिवाळ्यात बर्फ पडला, बाईंनी मुठी भरभरून मीठ टाकलं आणि वसंतात वाटेचे पोपडे सुटले. फाटकापासून पायरीपर्यंत नुसती खरूज. शाबूत राहिला तो फक्त पायरीजवळचा तुकडा, आणि त्यात ते नाव, आदल्या दिवशी कोरल्यासारखं स्वच्छ. येणारा-जाणारा आधी खाली बघायचा, मग नाव वाचायचा. उर्बानो चर्चच्या आवारात सांगत सुटला, "घोटायचं काम दाजींचं. मी आपला ट्रक चालवतो."

मुकुट यायच्या आधी अदेलिनो वाटेची अवस्था बघायला गेला. बाई पायरीवर हात बांधून उभ्या होत्या.

"बघा, जावईबापू. तुमचं नाव तेवढं छान आलंय."

"मीठ टाकलंत तुम्ही."

"सगळं गाव टाकतं. माझ्या लेकाला बोल लावू नका हं. तुम्ही आत सूप ओरपत बसला होतात, तेव्हा तोच बिचारा काँक्रीट उन्हात वाळू नये म्हणून पाइपने पाणी मारत होता."

अदेलिनोने वाकून एक पोपडा नखाने उचलला. वरून पाणी मारलेल्या काँक्रीटची साल पहिल्या हिवाळ्यात निघते, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. आणि तेच पाणी त्याने स्वतःच्या थापीने आत जिरवलं होतं.

अदेलिनोने घण काढला, तोच उर्बानो वर लिंपायच्या राखाडी भुकटीची पिशवी घेऊन आला. "वरून एक हात मारू, दाजी. मुकुटाचा आठवडा निघून जाईल."

"चालता हो इथून."

"अहो, एवढं काय? रागाने काय वाट सुधारणार आहे?"

"उर्बानो, ती पिशवी तुझ्या गाडीत घाल आणि नीघ. नाहीतर हा घण आधी तुझ्या ट्रकवर पडेल."

अदेलिनोने सगळी वाट एकट्याने फोडली. पायरीजवळचा तुकडा सर्वांत चिवट निघाला, घणाला दादच देईना. झुल्मिराने घरी अबोला धरला, भावाला हाकललं म्हणून. त्याने तोही चालवून घेतला. नवं काँक्रीट ओतायच्या आधी त्याने पेटीचं कुलूप काढलं, आणि पुन्हा लावलं नाही. त्या दिवशी बाईंनी तीनदा हाक मारली. तो गेला नाही. सूप खिडकीत गोठलं.

रविवारी मुकुट आला. ठेवणीतले कोट, पांढरे झगे, बँड, आणि सगळ्यांच्या पायाखाली आरशासारखी सपाट वाट. म्हातारे थांबून थांबून बघत होते. कुणाची कारागिरी म्हणून एकाने विचारलं, तर उर्बानो पुढे झाला, "आमचीच की." मग खाली बघून तो अदेलिनोच्या कानाशी आला.

"नाव कुठाय?"

"नाही घातलं."

"बरं, शिक्का तरी द्या. उद्या शवपेटीवाल्याच्या अंगणाचं काम धरलंय मी. माणसं मिळतील घोटायला. शिक्का पाहिजे."

अदेलिनोने पायरीजवळ बुटाची टाच आपटली. "इथं आहे. खाली, काँक्रीटच्या आत, लोखंडी जाळीत. पाहिजे तर आईच्या दारातली वाट फोड आणि काढ."

उर्बानोचा चेहरा पडला. त्याच्या मागून मुकुट पायरी चढत होता आणि इदालिनाबाई रडत गुडघे टेकत होत्या. अदेलिनो गर्दीतून फाटकाबाहेर पडला.

सोमवारी तो जुन्या मालकाच्या कामाच्या आवारात उभा होता. मालकाने काही विचारलं नाही. त्याच्या हातात थापी दिली, आणि तोच जुना, मालकाच्या नावाचा शिक्का.