सोफ्यावरून दिसलेला लघुग्रह

भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये क्लबच्या लॉनवर पडदा लावून सिनेमे दाखवत. पडद्याला अगदी खेटून साहेब लोकांचे सोफे असत आणि मागे आम्हा बाकीच्यांची बाकं. शेजारच्या क्वार्टरमधली माझी मैत्रीण कायम माझ्याजवळ बाकावर बसायची. मग तिच्या बाबांना प्रमोशन मिळालं आणि ती सोफ्यावर गेली.

त्या संध्याकाळी पृथ्वीवर लघुग्रह आदळणार होता, तोही हिंदीत. त्याचे नुसते तुकडे पडूनच मोठमोठी शहरं पाण्याखाली गेली, आमच्या बाकावरच्या एक काकू तर चक्क हात जोडून बसल्या. मी मात्र सोफ्याच्या पाठीवरून डोकावणारी तिची लाल रिबीन बघत होते. इंटरव्हलला समोसेही आधी सोफ्यांकडेच गेले. मनात आलं, पडू दे एकदाचा, आणि पडायचाच तर पुढच्या रांगेत पडू दे!

शेवटी जग वाचलं. ती मान चोळत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "इतक्या जवळून काही धड दिसलंच नाही गं. वर बघून बघून मान आखडली. तुझं बरं होतं."

घरी आल्यावर मी आरशासमोर उभी राहिले आणि अगदी तिच्यासारखी मान चोळून बघितली.