लाल दावी

पैदास केंद्राच्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "हात तरी धुता का?" आणि मावशीचं डोकं फिरलं. वासरांच्या गोठ्यात अठरा वर्षं काढलेली बाई ती. साबणाने तिच्या बोटांची सालं निघाली होती, आणि हा काल आलेला माणूस तिला स्वच्छता शिकवणार!

निमित्त होतं मेलेल्या वासरांचं. फुफ्फुसाच्या आजाराच्या साथीत दोन महिन्यांत अकरा गेली. एकेकाचं डोकं मांडीवर घेऊन मावशीने औषध पाजलं होतं आणि एकेकासाठी ती रडलीही होती. आता तिच्याच माथी निष्काळजीपणा मारून तिला घरी बसवायचं घाटत होतं.

मावशीला वाचता येत नसे, म्हणून कुठलं वासरू कुठल्या वळूचं हे ओळखायला तिने आपली सोय केली होती. केंद्रात वळू तीन, तर वासरांच्या गळ्यात तीन रंगांची दावी. पांढरं, निळं, आणि साहेबांच्या लाडक्या वळूच्या लेकरांना लाल. हा लाडका म्हणजे केंद्राचं नाक. त्याच्या लेकी दुधाला भारी, म्हणून कचेरीच्या दाराशी त्याचा हा एवढा फोटो. वासरू मेलं की मावशी त्याचं दावं धुऊन खुंटीला टांगायची.

"हातांचं नंतर बघू," ती म्हणाली. "आधी खुंट्या बघा."

अकरा दावी टांगलेली होती. एक निळं, बाकी सगळी लाल.

"तिन्ही रंगांची वासरं सारख्याच संख्येने होती. गोठा एक, दूध एक, पाजणारी मी एकटी. मग माझे हात काय रंग बघून मारतात?"

गुरांच्या डॉक्टरीणबाई शेजारीच उभ्या होत्या. आजार बाहेरून येतो, पण त्याच्याशी झुंजायची ताकद आईबापांच्या रक्तातून येते, बाप ठणठणीत दिसला तरी लेकरं कच्ची निघू शकतात, हे कालच त्यांनी मावशीला समजावलं होतं. आज साहेबांपुढे मूग गिळून गप्प. मावशीला त्यांचा साहेबांपेक्षाही जास्त संताप आला.

साहेबांनी खुंट्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "उद्यापासून सगळ्यांना एकाच रंगाची दावी."

म्हणजे त्यांना कळलं होतं. कळलं नसतं तर मावशीने दहादा समजावलं असतं. कळूनही झाकणाऱ्या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

तिने लाल दावी काढून खांद्यावर टाकली आणि तरातरा कचेरी गाठली. बाकावर त्याच वळूचं बीज न्यायला आलेले दोन गोठेवाले बसले होते. त्यांच्यासमोर तिने एकेक दावं फोटोच्या चौकटीला अडकवलं. वळूचं तोंडही दिसेना.

"हे काय, मावशी?" एकाने विचारलं.

"ह्याची लेकरं."

ती परत फिरली. दूध पाजायची वेळ झाली होती, आणि लाल दाव्याची चार वासरं अजून शिल्लक होती.