ग्रंथ नसलेली शपथ

न्यायालयात सगळे त्यांना शपथवाले काका म्हणत. साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं करायचं, धर्मग्रंथ त्याच्या हाताखाली धरायचा आणि शपथेचे शब्द एकेक करून वदवून घ्यायचे, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. ग्रंथाला हात लावण्याआधी ते नळावर जाऊन हात धुऊन येत. वकील चेष्टा करत, "काका, आमच्या अशिलांच्या जिभाही जरा धुऊन द्या की!" काका हसण्यावारी नेत. पण देवाच्या धाकाशिवाय माणूस खरं बोलत नाही, ही खूणगाठ त्यांच्या मनात पक्की होती.

मग सरकारने नियम बदलला. न्यायालयात कुठल्याच धर्माचा ग्रंथ नको, साक्षीदाराने नुसती प्रतिज्ञा करायची. ग्रंथ कपाटात गेले. काकांना राहवलं नाही. ते न्यायाधीश बाईंच्या दालनात गेले.

"बाईसाहेब, देवच काढून घेतला तर लोक घाबरणार कुणाला?"

"कायद्याला. इथे सगळ्या धर्मांची माणसं येतात, काका. कुठलाच न मानणारीही येतात. सगळ्यांना काटा एकच हवा."

"काटा आहे हो, पण त्याला वजन कुठाय? पोकळ शब्द नुसते!"

बाईंनी पुढची फाईल ओढली.

त्याच वर्षी काकांच्या समोरच्या घरातल्या मुलीने परधर्मातल्या एका सुताराशी लग्न केलं. तिचे दोघे भाऊ काकांच्याच प्रार्थनागृहात येणारे, काकांच्या डोळ्यांदेखत वाढलेले. एका रविवारी सकाळी नवराबायको तिचे कपडे न्यायला आले. भावांनी सुताराला गल्लीतच गाठलं. धाकट्याने धरलं, थोरल्याने गज घातला. काका वरच्या मजल्यावरच्या खिडकीत दाढी करत होते. "अरे सोडा त्याला!" असं ते ओरडलेही. पोलिसांना त्यांनी पाहिलं तसं सांगितलं. तिसऱ्या दिवशी सुतार गेला. मुलीला चौथा महिना होता.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी धर्मगुरू घरी आले.

"पोरांच्या हातून चुकलं, मान्य. पण ती जन्मभर आत सडली तर त्यांच्या आईने कुणाकडे बघायचं?"

"पण खोटं कसं बोलू, गुरुजी?"

"खोटं कुणासमोर? ग्रंथ आहे तिथे? देवाचं नाव आहे? सरकारी शब्द ते. तिथलं बोलणं वरच्या दरबारात धरलं जात नाही. पोकळ शब्द, असं तूच सगळीकडे सांगत होतास ना?"

दारात उभ्या असलेल्या काकूंनी चहाचा कप गुरुजींसमोर ठेवला आणि त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या कोर्टात, पिंजऱ्यात उभं राहून काका म्हणाले, "साबण डोळ्यांत गेला होता. कुणाचा चेहरा दिसला नाही."

"मग पोलिसांना दोघांची नावं कशी सांगितलीत?" सरकारी वकिलाने विचारलं.

"घाबरून."

एकट्या बायकोच्या साक्षीवर कोर्टाचं समाधान झालं नाही. दोघेही सुटले. निकालाच्या दिवशी ती मुलगी व्हरांड्यात काकांसमोर येऊन उभी राहिली. पोट आता चांगलंच दिसत होतं. ती रडली नाही, भांडली नाही. "काका, तुमचा आवाज ऐकूनच मी वर पाहिलं होतं," एवढंच म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्यानंतर काकांना काम होईना. साक्षीदाराला प्रतिज्ञा सांगताना 'खरं' या शब्दापाशी घसा बसायचा. लोकांना वाटलं सर्दी आहे. दोन आठवडे त्यांनी रेटलं, मग बाईंचं दालन गाठलं.

"मी खोटी साक्ष दिली, बाईसाहेब."

बाईंनी हातातली फाईल मिटली. "तुरुंगात जावं लागेल, काका."

"लिहून घ्या."

वर्षाची सजा झाली. भावांच्या सुटकेविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात गेलं, तेव्हा काकांना तुरुंगातून तिथे नेलं. त्यांनी सगळं सांगितलं, गजाच्या लांबीसकट. भावांच्या वकिलाने एकच विचारलं, "खोटं तेव्हा बोललात की आता?"

"तेव्हा."

"आणि तेव्हाही खरं बोलण्याची प्रतिज्ञा केली होतीत ना?"

"हो."

वकील खाली बसला. ज्याने एकदा खोटी साक्ष दिल्याचं स्वतःच कबूल केलं, त्याच्या शब्दावर कुणाला दोषी धरता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. भाऊ सुटले ते सुटलेच.

काकू महिन्यातून एकदा भेटायला येत. जाळीपलीकडून त्यांनी सांगितलं, की दोघे भाऊ प्रार्थनागृहात आता पहिल्या रांगेत बसतात, आणि आपण तिथे जाणं सोडलं आहे. मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या दिवशी समोर ग्रंथ असता तर खरं बोलला असतात तुम्ही?"



"नसतो बोललो," काका म्हणाले. "गुरुजींनी दुसरं काहीतरी सांगितलं असतं, आणि मी तेही ऐकलं असतं."

काकूंनी आणलेलं धुतलेलं बनियन शिपायाने उलटंपालटं करून पाहिलं आणि आत दिलं. काकांनी ते घेतलं आणि ते पुन्हा बराकीकडे चालू लागले.