पहिली बेल हरवते

जगातल्या कितीतरी प्रोग्रॅमांच्या पोटात त्याची लायब्ररी, म्हणजे कोणीही वापरावा असा तयार कोडचा गठ्ठा, होती, पण घरात विचाराल तर 'दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो' एवढीच त्याची ख्याती. लायब्ररीचं काम साधं होतं: कान देऊन बसायचं. कुठे बटण दाबलं गेलं, निरोप आला, की ज्याला कळवायचं त्याला कळवायचं. ती फुकट असल्यामुळे लोक अगदी हक्काने तक्रारी करत. तो चुका दुरुस्त करायचा, नवी आवृत्ती सोडायचा आणि काय काय बदललं ते खाली लिहायचा. आभार कोणी मानत नसे. आपली तशी अपेक्षाही नाही, असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

मध्यंतरी त्याने एक सुधारणा केली. बराच वेळ काही घडलं नाही तर लायब्ररीने डुलकी काढायची, म्हणजे बॅटरी वाचते. एका अनोळखी माणसाने कळवलं, "डुलकीनंतरची पहिली घटना हरवते." याने डुलकी लागायची वाट न बघता पटापट बटण दाबून पाहिलं, सगळं ठीक. "आमच्याकडे असं होत नाही," असं लिहून त्याने तक्रार बंद केली. तक्रार बंद करताना त्याला नेहमीच बरं वाटे.

आतल्या खोलीत आई होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला आधाराशिवाय उठता येत नसे. म्हणून त्याने तिच्या उशाशी बेल बसवली, अर्थात आपलीच लायब्ररी घालून. ती बाहेर वाजली की तो किंवा त्याची बायको आत जायची. आई ती एकदाच दाबायची. सारखं सारखं बोलावणं तिला उद्धटपणाचं वाटे. कधीकधी कोणीच यायचं नाही.

"अरे, मघाशी बेल दिली होती मी."

"नाही दिलीस, आई. माझ्याकडे नोंदच नाही."

नोंद नाही म्हणजे घडलंच नाही, यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास. हे वारंवार व्हायला लागलं तेव्हा त्याने ताईला फोन केला. "विसरायला लागलीये ती," ताई म्हणाली, "पुढचं बघायला हवं." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताईने एक वृद्धाश्रम बघून ठेवला, चांगला, बाग असलेला. आई हो म्हणाली. आताशा ती कशालाच नाही म्हणत नव्हती.

जायच्या आदल्या दुपारी तो तिची बॅग भरत बसला होता. आईला पाणी हवं होतं. तो कामात आहे म्हणून तिने सुनेसाठी बेल दाबली. त्याच्या डोळ्यांदेखत दाबली. बाहेर काहीच वाजलं नाही.

आईने घाबरून त्याच्याकडे पाहिलं. "दाबली ना रे मी?"

तो पाणी न देताच बाहेर गेला. बंद केलेली तक्रार उघडली, पुन्हा वाचली, या वेळी नीट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोराने गोळ्यासुद्धा स्वतःच्या हाताने दिल्या होत्या. दुरुस्ती अगदीच किरकोळ निघाली, याचीच त्याला जास्त लाज वाटली. 'डुलकीनंतरची पहिली घटना आता हरवत नाही,' असं त्याने बदलांमध्ये लिहिलं आणि त्या अनोळखी माणसाची माफी मागितली. ते सोपं होतं.

मग ताईला फोन. "आई बरी आहे. बरीच होती. बिघाड माझा होता." ताई म्हणाली, "मला काय सांगतोस? तिला सांग."

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मला काही झालेलं नाही?"

"नाही, आई. चूक माझी होती."

ती रागावेल असं त्याला वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

"जाग आली की सगळ्यांची नावं म्हणून बघायचे मी," ती म्हणाली. "आधी तुझं. ते आठवलं की मगच बेल द्यायचे. तू यायचास आणि मला नावच सुचायचं नाही, तर तुला किती वाईट वाटलं असतं."