बुडणाऱ्याचे केस धरावेत

नातीला पोहायला घातलं, तेव्हा मीही हट्टाने तिच्याबरोबर तलावावर गेले. निळ्या फरशीचं, औषधाचा वास मारणारं पाणी. पोरीच्या दंडांना फुगे बांधलेले, आणि मास्तर काठावरून "पाय मार, पाय मार" म्हणून ओरडतायत. मी त्यांना विचारलं, "अहो, बुडणाऱ्याने मिठी मारली तर सुटायचं कसं, ते कधी शिकवणार?" ते हसले आणि म्हणाले, "आजी, इथे कोणी बुडत नाही." म्हातारी चळली असंच त्यांना वाटलं असणार. वाटेना का! मला मात्र आत्याची इतकी आठवण आली, की तिथेच खुर्चीवर बसून मी डोळ्याला पदर लावला.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिचं बालपण सायखेड्याचं. घर नदीला लागून, त्यामुळे चालायला लागली तशी पोहायलाही लागली. मग परकर सुटायच्या आत लग्न झालं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा प्लेगने गेला. तेव्हापासून ती भावाच्या घरी, आमच्याकडे नाशिकला. अंगावर तांबडं आलवण, एका वेळचं जेवण, आणि डोक्याचा गोटा.

मी सांगते तो काळ एकोणीसशे तीसनंतरचा. शहरात नव्याने विधवा झालेल्या बायका एव्हाना केस ठेवू लागल्या होत्या. पण आत्याचं सगळं आधीच ठरून गेलेलं, आणि ठरलेलं मोडायचं तर घरातल्या कुणीतरी तोंड उघडायला हवं. ते उघडत कोणी नव्हतं. न्हावी मागच्या दाराने परसात यायचा. आई मला आत ओढून दार लोटून घ्यायची. त्या दिवशी आत्या संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलायची नाही आणि आम्हीही तिच्या वाटेला जायचो नाही.

तिला घराबाहेर जायची मुभा होती ती फक्त गंगेवर. नाशिकला गोदावरी कोण म्हणतंय! आम्हाला ती गंगाच. पहाटे स्नानाला निघालेल्या बाईला अडवायची कुणाची टाप होती? आत्या रामकुंडाची गर्दी टाळून पुलाच्या वरच्या अंगाला जायची, कासोटा घट्ट खोचायची आणि सरळ डोहात शिरायची. पाण्यात तिचं वयच उतरायचं. घरात खाली मान घालून वावरणारी बाई तिथे मला हाका मारायची, पाणी उडवायची, खदखदून हसायची. ते हसू घरी कुणी ऐकलेलं नव्हतं. आजही ते कानात आहे आणि आजही ते पुन्हा ऐकावंसं वाटतं.

मला पोहायला शिकवायचं तिनेच ठरवलं. वडील कचेरीतून आले तेव्हा तिने विषय काढला. ते म्हणाले, "अक्का, मुलीच्या जातीला कशाला नसते उद्योग?" आत्या म्हणाली, "गंगेच्या काठी राहतोस आणि मला विचारतोस? उद्या तिचा पाय घसरला तर तू काय कचेरीतून उडी मारणारेस?" आत्याशी वाद घालून वडील कधी जिंकले नाहीत.

पाठीला वाळके भोपळे बांधून तिने मला पाण्यात सोडलं. पोहणं लवकर आलं, पण तेवढ्याने ती ऐकते थोडीच! "पोहणं म्हणजे डोंबल," ती म्हणायची. "पाण्यापासून स्वतःला वाचवता आलं तर ते खरं." अनोळखी पाण्यात उडी मारायची नाही, आधी पायाने तळ चाचपायचा. हिरव्या पायरीवर टाच ठेवायची नाही. ओढीशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर जात जात तिरकं काठाला लागायचं. पायात गोळा आला तर किंचाळायचं नाही, उताणं होऊन आभाळाकडे बघायचं.

आणि सगळ्यात मोठा धडा बुडणाऱ्या माणसाचा. "त्याच्या समोरून जायचं नाही," आत्या बजावायची. "तो मिठी मारतो. आई असो नाहीतर मूल, बुडताना ओळख राहत नाही. मिठी बसलीच तर छाती भरून श्वास घे आणि त्याला घेऊन खाली जा. त्याला वर यायचं असतं, तो आपसूक सोडतो. मग मागून ये. शेंडी असो, वेणी असो, अंबाडा असो, केस धरायचे आणि हात लांब ठेवून ओढत आणायचं."

याची तालीम ती स्वतः बुडून दाखवून द्यायची. अशा गटांगळ्या खायची की माझा जीव घाबरा व्हायचा. मी मागून जायची आणि अडायची. धरू काय? मग ती पदराची गाठ मारून डोक्यामागे बसवायची आणि म्हणायची, "हा माझा अंबाडा. धर आता." मी ती गाठ धरून तिला काठावर आणायची. ती म्हणायची, "छान! मेलं माणूस वाचवलंस हो!" मला मात्र हसू यायचं नाही.

घरी दुपारी ती माझे केस विंचरायची. वेणी घालून झाली तरी हातातून सोडायची नाही, उलगडायची आणि पुन्हा घालायची. एकदा मी विचारलं, "आत्या, तुझे केस कसे होते गं?" ती म्हणाली, "आठवत नाहीत," आणि फणी इतक्या जोरात ओढली की मी कळवळले. आत्याला केस असावेत, असं मला त्या दिवसापासून वाटायला लागलं. देवापुढे हात जोडले की मी तेच मागायची. पण मोठ्यांपुढे बोलायची हिंमत कुठली!

मग ती ऋषिपंचमी आली. त्या दिवशी बायकांची गंगेवर ही झुंबड! पूर ओसरला होता, पण पाणी अजून गढूळ आणि ओढीचं होतं. आदल्याच दिवशी न्हावी येऊन गेला होता. आत्या माझ्याशी धड बोलत नव्हती, नुसता पदर डोक्यावरून घेऊन पायरीवर उभी होती. तेवढ्यात आमच्या शेजारी उभी असलेली एक खेड्यातली बाई घसरली आणि बघता बघता पाण्यात दिसेनाशी झाली.

"अगं बाई, गेली गं!" बायका नुसत्या ओरडत होत्या. आत्या पाण्यात उतरलीसुद्धा. बाईने तिला मिठी मारली ती गळ्यालाच. दोघी खाली गेल्या. मला ठाऊक होतं आत्या काय करतेय ते. मग आत्या सुटून वर आली, बाईच्या मागे गेली, अंबाडा धरला आणि तिला पायरीशी लोटलं. बायकांनी तिला दंडाला धरून वर ओढलं. तिचं नऊवारी लुगडं मात्र सुटलं होतं, आणि ते सगळं आत्याच्या पायांत गुंडाळलं गेलं. बायका त्या बाईला झाकण्यात गुंतल्या, आणि आत्या ओढीला लागली.

मी शिरले. मागून गेले, तिने शिकवलं होतं तशीच. पदर धरला, तर तो नुसताच हातात आला, त्याला गाठ कुठे होती! मग डोकं धरायला गेले. कालच वस्तरा फिरलेलं ते तुळतुळीत, ओलं डोकं. माझा पंजा त्याच्यावरून घसरला. पुन्हा धरलं, पुन्हा घसरला. आत्याचं तोंड पाण्याखाली जात होतं आणि माझ्या मुठीत काहीही येत नव्हतं. पाण्यात मी रडत होते आणि तिला शिव्या देत होते. शेवटी कोपर तिच्या हनुवटीखाली घातलं आणि तिचा गळा मागून आवळून धरला. खालच्या पायऱ्यांवरून कुणीतरी धोतर फेकलं, त्याचं टोक दुसऱ्या हाताला लागलं, आणि त्या लोकांनी आम्हाला ओढून घेतलं.

संध्याकाळी वडील कचेरीतून आले तोवर त्यांना सगळं कळलं होतं. आत्या भिंतीला टेकून बसली होती, गळ्यावर माझ्या हाताचे वळ. वडिलांनी मला जवळ घेऊन विचारलं, "घाबरलीस का गं?" आणि माझा बांध फुटला. मी ओरडले, "दादा, सगळ्यांना केस धरून काढतात! हिला काय धरून काढायचं? सांगा ना, काय धरायचं?"

"गप्प बस," आत्या म्हणाली. आईने माझा दंड धरला. पान वाढलं होतं, वडील ते तसंच ठेवून उठले.

पुढच्या खेपेला न्हावी आला तेव्हा परसदारी वडील स्वतः उभे होते. कचेरीत गेले नव्हते. त्याला म्हणाले, "आता अक्काच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. तू ये आता." आत्या पाट मांडून बसलेली होती. ती उठली आणि भडकली, "वेड लागलंय का तुला? लोक नावं ठेवतील. आईवडिलांचं श्राद्ध आलंय, केस राखले तर माझ्या हातचं कोण जेवेल?" वडील म्हणाले, "स्वयंपाक तूच करायचा. ज्याला चालत नसेल त्याने आपल्या घरी जेवावं." आणि मग एकदम त्यांचा आवाज चिरकला. "अक्का, वाहून गेली असतीस गं तू." आत्या पुन्हा पाटावर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. वडीलही रडले. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते.

लोकांनी नावं ठेवली. श्राद्धाला नेहमीचे गुरुजी आले नाहीत, ऐनवेळी दुसरे शोधावे लागले. शेजारणी काही दिवस हळदीकुंकवाला आईला टाळत होत्या. पण केसांना त्याचं काय! ते वाढत राहिले, पांढरे, राठ, इकडेतिकडे उभे. आत्या पदराखाली हात घालून ते सारखे चाचपायची, आणि मी पाहिलं की हात झटकन बाहेर काढायची.

पुढे माझं लग्न झालं आणि मी मालेगावला गेले. तिथे आत्या नव्हती आणि डोहही नव्हता. ती गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळंतीण होते, मला कुणी नाशिकला येऊ दिलं नाही. तिला शेवटचं पाहिलं नाही, याची चुटपुट अजून जात नाही. म्हणून मी तिची दुसरीच आठवण धरून बसते, माझ्या लग्नाच्या आधीच्या चैत्रातली.

पाणी नितळ झालं होतं, खालचे दगड दिसत होते. आत्या डोहाच्या मध्यावर गेली आणि माझ्याकडे पाठ करून थांबली. डोक्यावरचा पदर तिने आपल्या हाताने खाली घेतला.

"धर," म्हणाली.

मी मागून गेले आणि केस मुठीत धरले. मुठीत मावले. मी तिला ओढत काठाकडे घेऊन निघाले आणि ती उताणी, आभाळाकडे बघत, माझ्यामागे येत राहिली. मध्येच तिचा श्वास अडकला.

"दुखतंय का गं?" मी विचारलं आणि मूठ सैल केली.

"दुखतंय," आत्या म्हणाली. "सोडू नकोस."