सलमाभाभींचा कंदील मी पाडला

मंडळी, आज डबा तसाच परत आणला. कुणाला तरी सांगायचंय, म्हणून इथे लिहितेय.

चाकणच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी काम करते. ट्रकमध्ये, गोडाऊनमध्ये खोकं आपटलं तर आतला माल टिकेल का, हे बघायला आम्ही ते मुद्दाम पाडतो. आधी कोपऱ्यावर, मग कडांवर, मग सगळ्या बाजूंवर.

सकाळी देहूरोडहून सलमाभाभी आल्या. त्या रंगीत काचांचे कंदील विकतात. ऑनलाइन विकायला त्यांना रिपोर्ट हवा होता. मी फॉर्म पुढे केला, "इथे सही करा." सही करून त्या बाहेर बाकावर बसल्या.

खोकं पहिल्यांदाच कोपऱ्यावर पाडलं आणि आत काच फुटली.

"भाभी, फेल झालं. आत जाड फोम लावा."

"बरं. कंदील द्या ना ताई, घरी न्यायचाय."

"अहो, तो फुटला."

त्या बाकावरून उठल्या. "मला वाटलं, मशीनवर तपासून परत देता. आमच्या ह्यांच्या हातचा शेवटचा होता तो. आता कारागीर बनवतात, पण ती सफाई नाही. पास व्हावा म्हणून सगळ्यात चांगला आणला."

चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. तुकडे ओढणीत बांधले आणि वर मलाच म्हणाल्या, "तुमची काय चूक, ताई."

नमुना परत मिळणार नाही, हे फॉर्मवर इंग्रजीत लिहिलेलं असतं. त्याच्याच खाली बोट ठेवून मी रोज सह्या घेते. आजवर एकदाही वाचून दाखवलं नाही.

तुम्ही दाखवता का हो?